पन्नासची लेन्स

कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स पुसून, खोक्यात घालून दादाने स्टुडिओतल्या टेबलावर ठेवली होती. ती विकत घ्यायला गिऱ्हाईक बाराला येणार होतं. धाकट्या बहिणीला हे कळलं तेव्हा साडेअकरा झाले होते, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? झूम लेन्समध्ये पन्नास आहेच की. हिला ना लांबचं जवळ आणता येतं, ना जवळचं लांब नेता येतं. नुसती अडगळ."

"त्या अडगळीवर मी माणसं काढते!"

दादाने वाद घातला नाही. त्याने सकाळीच जय्यत तयारी करून ठेवली होती. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून दोन्ही लेन्सनी फोटो काढले होते. ते त्याने संगणकावर शेजारी शेजारी लावले.

"सांग, पन्नासचा कुठला?"

तिने डावीकडचा सांगितला. डावीकडचा झूमचा निघाला. दादा पोट धरधरून हसला. महिनाभरात तो इतका हसला नव्हता. महिनाभरात तीन गिऱ्हाइकांनी त्याला फोनवर बजावलं होतं, फोटो तुमच्या बहिणीनेच काढायचे. तेव्हापासून ही एवढीशी लेन्स त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली होती. धाकटीला ते कळत होतं आणि ती मूग गिळून बसली होती. पण लेन्स गेली की उद्यापासून तिनेही त्याच्यासारखंच झूम लावून, समारंभाच्या हॉलच्या कोपऱ्यात उभं राहून माणसं टिपायची. जेवताना, पाठमोरी, कुणाशी अवाक्षर न बोलता.

"भिंतीचा फोटो काढलास होय रे? भिंती येतात का आपल्याकडे फोटो काढून घ्यायला?" ती कडाडली. "बस त्या खुर्चीवर."

"कशाला?"

"बस म्हणते ना!"

आवाज असा होता की दादा बसला. तिने लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि पुढे आली. चेहरा चौकटीत भरेना, म्हणून आणखी पुढे. दादाने खुर्ची मागे रेटली. तीही तेवढीच पुढे सरकली.

"एवढ्या जवळ कशाला मरायला येतेस?"

"लोक मला बोलावतात ते तुला बघवत नाही ना? खरं बोल!"

दादाचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. तिने बटण दाबलं.

फोटो संगणकावर उघडला आणि गिऱ्हाईक दारात हजर. चित्रकला शिकवणाऱ्या बाई होत्या. खोक्याकडे न बघता त्या पडद्याकडेच बघत राहिल्या.

"हा त्याच लेन्सने काढलाय? मग विकताय कशाला?"

"विकत नाही आहोत," धाकटी म्हणाली. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, माफ करा." तिने लेन्स काढली आणि कपाटात न ठेवता स्वतःच्या पिशवीत टाकली.

बाई गेल्या. दादा पडद्यासमोरून हलला नाही.

"मी असा दिसतो?"

एरवी तिला त्याची कीव आली असती. आज नाही आली.

"जवळून असाच दिसतोस," ती म्हणाली. "लांबून बरा दिसतोस."