शेवटच्या लसीपर्यंत

"शेवटची लस होईपर्यंत कुत्र्याच्या पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडायचं नाही. पार्वोचा जीवघेणा रोग मातीतूनही लागतो," असं जनावरांच्या डॉक्टर नरेलने बजावलं. तेव्हापासून म्हातारा क्लेम त्याला खांद्यावर घेऊनच क्वीन्सलँडच्या माळावर मेंढ्यांमागे हिंडू लागला. पिल्लू झोपेत पाय हलवत हवेतल्या हवेत मेंढ्या वळायचं आणि खालून कळप ढगासारखा सरकत जायचा.

"आपल्या पोरांना कधी असं घेतलं नाहीत," बायको बेरिल म्हणाली.

"पोरांना डॉक्टरने चालायची बंदी केली नव्हती."

शेवटची सुई टोचून झाली. "आता ठेवा खाली, काका. पळू दे त्याला," नरेल म्हणाली.

क्लेमने दारातून बाहेर पाहिलं. पिल्लाला आणखी वर सरकवलं.

"आज नको. जमीन ओली आहे."

बाहेर दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू होतं.