डावी नाकपुडी

नाकावरची पट्टी निघाली त्या दिवसापासून वैजयंतीची नजर जाईच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. डावी नाकपुडी उजवीपेक्षा वर ओढल्यासारखी दिसत होती. ती लेकीला खिडकीशी उभी करी, हनुवटी वर धरायला लावी, मोबाइलवर फोटो काढी आणि कालच्या फोटोशी ताडून बघे.

जाईला त्याचं काहीच नव्हतं. आतलं हाड वाकडं असल्यामुळे झोपेत तिचा श्वास अडकायचा, म्हणून ऑपरेशन झालं होतं. ऐरोलीच्या ऑफिसातून सुट्टी मिळाली होती, घरी आयता मऊ भात मिळत होता. आकाराचा विषय मुळात आईनंच काढलेला. नाकाला हात लावताच आहात तर नाकपुड्याही सारख्या करा, असं तिनं डॉक्टरांना बजावलं होतं. पोरीचं लग्नाचं वय आहे, म्हणाली होती. तिचा नवरा मधुकर तेव्हा शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

"आई, टेन्शन घेऊ नकोस. श्वास येतोय ना नीट," जाई म्हणायची.

पण वैजयंतीला राहवेना. शेवटी तिघं वाशीला डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी नाक तपासलं. सूज दोन्ही बाजूंनी सारखी उतरत नाही, आत्ता दिसतंय त्यावर जाऊ नका, खरा आकार कळायला काही महिने लागतात, असं त्यांनी समजावलं.

"आणि असंच राहिलं तर?"

"थोडा फरक राहीलही. नाकाची ठेवण घराण्यातून येते. ती पार पुसता येत नाही. तुमच्याकडे कुणाचं आहे का असं?"

वैजयंती पर्स उघडून काहीतरी शोधू लागली.

"माझ्या आजीचं होतं," मधुकर म्हणाला. "अगदी असंच."

"मग झालं तर," डॉक्टर हसले.

घरी आल्यावर जाई खोलीत जाऊन झोपली. वैजयंतीनं चहा टाकला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. मधुकरपुढे कप ठेवताना ती म्हणाली, "आजींचं नाक असं होतं, हे कधी बोलला नाहीत ते."

मधुकरनं बशीत चहा ओतला, त्यावर सावकाश फुंकर घातली.

"आजीला मी पाहिलंच नाही," तो म्हणाला. "असं नाक हरेशचं होतं. जाईच्या जन्माआधी आपल्या वरच्या मजल्यावर राहायचा, त्याचं. पोर पाळण्यात होती तेव्हाच मी ते ओळखलं. आता तिच्या नाकामागे लागू नकोस, वैजू. चांगलं आहे ते."