बायकांची लिपी

“मन्ह्या गोष्टी मरू देजो नको. आपली बोलीमाच लिखजो. लोके हासतीन, हासू दे.”

सारंगखेड्याच्या वाचक मेळाव्यात बसल्या बसल्या चेतनाला सासूबाईंचे हे शेवटचे शब्द आठवले. तेव्हा ती उशाशी होती, नवरा पायथ्याशी. दोघांनीही मान हलवली होती.

आज नवरा व्यासपीठावर होता. प्राध्यापक हेमकांत सर, मेळाव्याचे अध्यक्ष. जुने जपानी नाटककार आणि लेखक हा त्यांचा विषय. केळीच्या भावावर बोलायला सांगितलं तरी ते जपानलाच पोचत.

“हजार वर्षांपूर्वी तिथल्या दरबारातले विद्वान चिनीत लिहीत,” सर सांगत होते. “घरची भाषा, तिची सोपी लिपी, ती बायकांसाठी. एका सरदाराला घरच्याच भाषेत रोजनिशी लिहावीशी वाटली. बिचाऱ्यानं बाईचं सोंग घेतलं!”

लोक हसले.

“पण तो दरबार होता. आपल्याकडे काय, तर ‘तापीकाठनी बाई’! साप्ताहिकातलं ते निनावी सदर, दर आठवड्याला चूल, म्हैस आणि सासू. अहिराणीत साहित्य होत असतं, तर बाजारात वांगी विकणाऱ्या साऱ्याच लेखिका झाल्या असत्या.”

शेजारीण दीपमालाची खात्री होती, ती बाई म्हणजे चेतनाच; तिनं कोपरानं ढोसलं. “वैनी, आते तरी ऊठ. तुन्हा बोटले शाई शे.”

चेतनानं बोटं पदरात घेतली. रोज आंघोळीनंतर रामनाम लिहिल्याशिवाय ती पाणीही पीत नसे. “हाई रामनामनी शाई शे.”

“हा, आनि राम म्हैस दोहस!”

साप्ताहिकाचे संपादक रूपचंद शेठ माइकपाशी आले. “ही बाई कोण, कुणालाच माहीत नाही. लोक म्हणतात, मीच. घरात बायकोसुद्धा संशय घेते! बाई आज समोर आली नाही, तर सदर बंद. सरांनी तर आता सांगितलंच, काय लायकीचं आहे ते.”

दीपमालानं चेतनाकडे बोट केलं, तशा साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. ती उठली. दीपमालानं टाळीसाठी हात उचलले.

“मी नाही, भाऊ,” चेतना हळू आवाजात म्हणाली. “मला नामापलीकडे लिहिता येत नाही. पण बंद करू नका. त्या गोष्टी माझ्या सासूबाईंच्या आहेत. त्या सांगायच्या, तशाच, शब्दाला शब्द. बंद केल्यात तर सासूबाई दुसऱ्यांदा जातील.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष आपल्याच आईला हसले होते.

“मग लिहितं कोण?” शेठनी विचारलं.

चेतनानं व्यासपीठाकडे पाहिलं आणि ती खाली बसली.

हेमकांत सरांनी पेल्यातलं पाणी संपवलं. चपला काढल्या, शेठच्या हातातून माइक घेतला आणि त्यांच्या तोंडून गावात कुणी कधी न ऐकलेल्या बोलीत म्हणाले, “तापीकाठनी बाई मीच शे. बठा, मायनी नवी गोष्ट सांगस.”