उभं राहिलेलं हरीण

क्लिफला कात्री सापडेपर्यंत व्हर्नरमामाने शर्ट पँटमधून बाहेर ओढून पाठ फिरवलीही होती. शिकारीच्या तळावरचा नियम जुना होता. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि तो भिंतीला ठोकायचा. भिंतीवर सगळ्यांच्या चिंध्या होत्या. भाच्याच्या, म्हणजे ड्वेनच्या तर इतक्या होत्या की गोधडी शिवून झाली असती. मामाची एकही नव्हती.

"दोन गोळ्या घातल्या," मामा म्हणाला. "हरीण जागचं हललंसुद्धा नाही. काप."

क्लिफ हा ड्वेनचा मेहुणा. हसू दाबता दाबता त्याची पुरेवाट झाली होती. कारण ओढ्यापलीकडे मामाने ज्याच्यावर गोळ्या घातल्या ते हरीण फोमचं होतं. तिरंदाजीच्या सरावाचं. दुपारी त्याने आणि ड्वेननेच ते झुडपात उभं केलं होतं, वाऱ्यावर हलावी म्हणून शेपटीला पांढरी चिंधीही लावली होती. पूर्वी नोव्हेंबरात ओढा दगडासारखा गोठायचा, माणूस सरळ चालत पलीकडे जायचा. आता बर्फ धरतच नाही. त्या गार चिखलात म्हातारा उतरायचा नाही, हे ड्वेनने आधीच हेरून ठेवलं होतं.

मामाचं पायी हिंडणं त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. एके काळी हे रान हरणांनी भरलेलं असायचं, माणसं मागावर चालत जायची आणि संध्याकाळी अंगणातल्या आडव्या ओंडक्याला हरणं टांगायला जागा उरायची नाही. मग थंडीत हरणं ज्यांच्या आडोशाला राहायची ती झाडं तोडली गेली, लांडगे परत आले, मागाहून हरणांना खंगवून मारणारा रोगही आला. उरलेसुरले नर झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत दिसायचे, ड्वेनच्या फोनवर त्यांचे फोटो यायचे. त्याने त्यांना नावंसुद्धा ठेवली होती. हीटर लावून बंद मचाणात बसायचं आणि फोन वाजला की खिडकी सरकवायची, अशी आताची शिकार. त्यात हा म्हातारा सगळ्या रानाला आपला वास लावत फिरायचा आणि हरणं उधळायची. मचाणात बस म्हणून ड्वेनने परोपरीने सांगून पाहिलं. खुराड्यात कोंबड्या बसतात, एवढंच मामा म्हणायचा. नेम चुकेल त्या दिवशी बंदूक ठेवीन, तोवर रानात येणार म्हणजे येणार.

क्लिफने कापड कापलं आणि भिंतीवर ठोकलं. मामा ते बघत बसला. मग ड्वेन आणि क्लिफ सरपण आणायच्या निमित्ताने बाहेर आले, तेव्हा क्लिफ म्हणाला, "चल, आणू या ते हरीण. म्हातारा असल्या शिव्या देईल की बस."

"नाही आणायचं."

"अरे, ठरलं होतं ना आपलं?"

गोळ्यांचा आवाज ऐकल्याबरोबर ड्वेन पुलाकडून गाडी घेऊन तिकडे गेला होता. खांद्याच्या किंचित मागे, तळहाताखाली झाकतील अशी दोन भोकं पडली होती. संधिप्रकाशात, ओढ्याच्या या काठावरून, दुर्बीण नसलेल्या त्या जुनाट बंदुकीने. ड्वेनने ते हरीण एका उन्मळून पडलेल्या झाडाखाली ढकललं होतं आणि वर पाला ओढला होता. हे सगळं त्याने क्लिफला सांगितलं. क्लिफचा चेहरा उतरला.

"मग सांगायला हवं त्याला."

"सांग की. मग पुढच्या वर्षीही तो रानभर फिरेल आणि तू रिकाम्या हाताने घरी जाशील."

क्लिफने सरपण उचललं.

ते आत आले तेव्हा मामाने बंदूक पुसून टेबलावर ठेवली होती. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून ड्वेनपुढे केली. डोळे गेले, म्हणाला. हे हरणावर कळलं ते बरं, माणसावर कळलं असतं तर काय केलं असतं. ड्वेनने बंदूक घेतली. ती घेताना त्याला लाज वाटली, पण घेतली.

"पण ते पळालं कसं नाही रे?" मामाने विचारलं. "रोगट असणार. हल्ली अशीच उभी राहतात, लाळ गाळत. त्याला तसं ठेवू नकोस. उजाडलं की जा आणि सोडव बिचाऱ्याला."

"सोडवलं मी, मामा. येतानाच. रोगट होतं म्हणून पुरूनही टाकलं."

"गोळी कुठे घातलीस?"

"खांद्यामागे. एकच."

मामाने मान डोलावली. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"माझ्यानंतर गोळीचा आवाज झाला नाही."

"झाला की. सगळं रान दणाणलं. क्लिफला विचार."

मामा क्लिफकडे वळला. सरपणाचा भारा अजून क्लिफच्या हातातच होता. तो शेगडीशी वाकला आणि लाकडं एकेक करून रचू लागला.

"झाला," तो म्हणाला. "मोठा झाला."

मामाने एक कान बोटाने चोळला.

"म्हणजे कानही गेले," तो म्हणाला, आणि त्याने ड्वेनच्या हातावर थोपटलं. "तू होतास म्हणून बरं."