हिरवी लाइन

टेलिफोन खात्याच्या गाडीचा वर उचलणारा पाळणा लाइनमन बाबलला घेऊन नारळाच्या उंचीवर थांबला. समोर आबा धुरींच्या घराकडे जाणारी टेलिफोनची वेल होती. या वेली माणसांच्या बोलण्यावरच पोसतात; मुळीकबाईंची तर गेल्या वर्षी खिडकीतून शिरून फोडणीच्या डब्यापर्यंत पोचली होती. पण बोलणं एकाच बाजूने चाललं की वेलीला कीड लागते, आणि मग ती छाटावी लागते.

छाटण्याआधी ऐकायची पद्धत, म्हणून बाबलने चाचणीचा फोन चिमट्याने वेलीला लावला. आबा मुलाशी बोलत होते.

"उमेश, यंदा फणस इतका धरलाय, की झाड खाली बसलंय." मग ते थांबले, पलीकडून कुणी काही म्हटल्यासारखे हसले आणि पुढे बोलू लागले. पलीकडे कुणीच नव्हतं.

"बाबल्या, दुसरं माणूस आहे का रे लाइनवर?" खालून ड्रायव्हर रजाक ओरडला. "नसेल तर छाट आणि उतर. भूक लागलीय!"

बाबलने कात्री उघडली, आणि मिटली.

"आहे, आहे!" तो ओरडला. फोन तोंडाशीच राहिला होता.

आबांनी फणसाचं बोलणं अर्ध्यावर सोडलं. "उमेश? तूच ना रे?"

बाबलच्या बोटांपाशी वेलीला कोवळं पान फुटलं.

"अरे, पाळणा खाली घेऊ का?" रजाकने विचारलं.

"नको," बाबल म्हणाला. फोन बाजूला करायचं त्याला आताही सुचलं नाही. "अडकलोय इथे."

"कुठे अडकलास, बाळा?" आबांनी विचारलं. "कधी सुटशील?"