सरकारी मेंढा

कडूबा धनगराकडचा विलायती मेंढा मेला. पण जात सुधारायला दिलेला सरकारी मेंढा वरच्या हुकमाशिवाय मरत नसतो, म्हणून तो मेला नाही.

त्याला ना खरूज होती ना गोचीड. तरी तो गोठ्याच्या खांबाला अंग घासत राहिला. आधी लोकर गेली, मग कातडं गेलं, आणि एक दिवस थरथरत आडवा झाला तो उठलाच नाही.

"पाटील, हा रोग साधा नाई," कडूबा म्हणाला. "याची कोकरं कोनाले देऊ नका."

"मेंढा ठणठणीत हाय असं म्या बुलढाण्याच्या साहेबाले कळवलं," निवृत्ती पाटील म्हणाले. "ठणठणीत मेंढ्याले रोग कायचा बे?"

साहेब खूश झाले. त्यांनी त्याची कोकरं चिखलीपासून वरवट बकालपर्यंत गावोगाव वाटली.

दोन वर्षांनी कडूबाच्या मेंढ्या एकेक करून त्याच खांबाला अंग घासू लागल्या. तो बुलढाण्याच्या कचेरीत हात जोडून उभा राहिला.



"सरकारानं मेहेरबान होऊन माह्याकडच्या त्या सरकारी मेंढ्याले मरायची मंजुरी द्यावी, म्हंजे बाकीच्या मेंढ्यांले कायदेशीर आजारी पडता येईन."