एकाच डब्यातली नावं

"भागवत्या! मैने! अवं पुष्पे! पाणी आन वं!"

अंगणातून शालूबाईंची हाक आली आणि पडवीत बसलेली त्यांची लेक पुष्पांजली खूश झाली. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच होतं. भागवत तिचा भाऊ, मैना दारची शेळी. बोलताना जीभ कशी घसरते, यावर पुष्पांजली पीएचडी करत होती. त्यासाठी हिंडायची गरजच काय? वडनेरला घरी आलं, की आई बसल्या जागी पोतंभर माल देई!

पाणी देऊन ती परत आली. चुलीपाशी तिची नवी भावजय डिंपल कुरडयांचा चीक ढवळत होती.

"ताई, असं काऊन होते?"

"घरच्यांची नावं डोक्यात एकाच डब्यात राह्यतात, वहिनी. घाईत हात घातला की भलतंच नाव हाती लागते. पन लागते ते घरचंच. शेजारनीचं नाही लागत."

"आन् मैना?"

"मैना काय परकी हाय?"

डिंपल हसली नाही. ढवळणारा हात थांबला.

"माह्या नावात आत्याबाई कधीच नाही चुकल्या. लग्न झाल्यापासून डिंपल म्हंजे डिंपल. बरोब्बर."

पुष्पांजलीनं रेकॉर्डिंग बंद केलं.

"अवं, अभ्यास हाय हा नुसता. मनावर नको घेऊ."

"हाव," डिंपल म्हणाली आणि डोळे पुसले. चूल जवळ होती, धुराचं नाव सांगता आलं.

तेवढ्यात अंगणात एकच गलका. बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांत शेळीनं तोंड घातलं होतं. शालूबाई काठी घेऊन धावल्या.

"हड्! हड्! अवं डिंपल! काढ तोंड, उंडगे!"

आणि जागच्या जागी थिजल्या. पडवीच्या दारात सून उभी होती.

"चुकलं वं माय! तुले नाही म्हटलं, शेळीले म्हटलं. देवाची आन! सुनेले कोनी असं म्हनते का?" बिचारीचा चेहरा रडवेला झाला.

डिंपल धावतच आली. तिचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. तिनं सासूच्या हातातली काठी काढून घेतली.

"राहू द्या, आत्याबाई. आज खाऊ द्या तिले."